दाजींचं नाव

आमच्या गल्लीत 'दाजी' अशी हाक मारली की एकच माणूस मान वर करतो. जावई तसे गल्लीत पुष्कळ. दिवाळीला येतात, फुगून बसतात, आहेर घेतात आणि आपापल्या गावी जातात. हे दाजी आले ते राहिलेच. दूधवाला त्यांना दाजी म्हणतो, भंगारवाला दाजी म्हणतो, बापाच्या वयाची गिऱ्हाइकं पायरीवर उभी राहून 'दाजी, टीव्ही कवा देणार' म्हणून विचारतात. अर्ध्या लातुरानं जणू आपली बहीण याच माणसाला दिली आहे.

त्यांचं खरं नाव वैजनाथ. ते मला ठाऊक आहे ते त्यांच्या बायकोच्या, मंजुश्रीच्या, लग्नातल्या उखाण्यामुळे. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघांत, लाजत. तिनं ते घेतलं, आम्ही बायका हसलो, आणि त्यानंतर गल्लीत ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. सासू-सासरे जावयाचं नाव घेत नाहीत, बायको घेत नाही, आणि बाकीच्यांना सासऱ्यांची सवय लागली.

माझं मॅचिंग सेंटर दाजींच्या सासऱ्यांच्या, महादेवप्पांच्या, टीव्हीच्या दुकानासमोरच आहे. मधे गल्ली, तीही इतकी अरुंद की ऑटो आला की इकडच्या-तिकडच्यांना बोलणं थांबवावं लागतं. दिवसभर मी अस्तर फाडत आणि फॉलचे रंग जुळवत बसते, आणि समोर दाजींचं डोकं कुठल्या तरी उघड्या टीव्हीत घातलेलं दिसतं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला खोड नाही. पण डोळ्यासमोर आहे ते दिसतं, त्याला मी काय करू?

दाजी मूळचे हिमायतनगरचे. नांदेडला आयटीआय करून ते महादेवप्पांकडे हात बसवायला लातूरला आले होते. महादेवप्पा जुना माणूस. रेडिओपासून सुरुवात, मग डब्याचे टीव्ही. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि जिभेवर साखर. पोराचं काम बघितलं आणि एकुलती एक मुलगी देऊन टाकली. लग्नाच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "थोडे दिवस माझ्याजवळ ऱ्हावा, काम शिका, मग तुमच्या गावात तुमचं दुकान टाकून देऊ." बोलले ते खोटं नव्हतं. पण लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्यांचे हात कापायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग सोल्डरिंग करताना तार एकीकडे आणि डाग दुसरीकडे पडायला लागला. म्हातारा गल्ल्यावर बसला आणि जावई टेबलाला जुंपला गेला.

आता टेबलावरचं काम काय, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. हल्ली टीव्ही बंद पडतो म्हणजे बहुधा आतला बोर्ड गेलेला असतो. काच ठणठणीत, आवाज ठणठणीत, फक्त डोकं चालत नाही. कंपनीचा बोर्ड मिळत नाही, मिळालाच तर त्यात नवा टीव्ही येईल. मग दाजी युनिव्हर्सल बोर्ड टाकतात. हा कुठल्याच कंपनीचा नसतो, म्हणून कुठल्याही टीव्हीत बसतो. त्या काचेच्या मापाचं सॉफ्टवेअर त्यात भरलं की तो त्याच घरचा होऊन जातो. माझे यजमान दयानंद एकदा त्यांना म्हणाले, "दाजी, तुमीबी युनिव्हर्सलच की." दाजी हसले. मला नाही हसू आलं.

सॉफ्टवेअर भरायचं म्हणजे फाइल घातलेला पेन ड्राइव्ह बोर्डाला लावायचा, टीव्ही चालू करायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं. बारका दिवा लाल-हिरवा मिचकत राहतो. तो मिचकतोय तोवर कशालाही हात लावायचा नाही. मधेच लाइट गेली तर बोर्ड कायमचा मरतो, जुनंही राहत नाही आणि नवंही येत नाही. लातूरच्या लाइटचा भरवसा कोणी द्यावा, म्हणून दाजी इन्व्हर्टर लावल्याशिवाय हे काम करत नाहीत. फाइल चुकीची गेली तर निराळीच गंमत. बातम्या देणारी बाई हिरवीगार दिसते, नाहीतर खाली डोकं वर पाय होऊन महागाईबद्दल बोलते.

आणि एक. टीव्ही चालू होताना आधी कंपनीचं नाव येतं ना, त्या जागी फाइलीत आपलं चित्र घालता येतं. हे महादेवप्पांना समजलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मी या डोळ्यांनी पाहिला आहे. दुसऱ्याच दिवशी नवा सदरा घालून फोटो काढून आले. तेव्हापासून त्यांच्या दुकानातून गेलेला कुठलाही टीव्ही लावा, आधी विभूतीसकट महादेवप्पा येतात, खाली 'महादेवप्पा टीव्ही सेंटर, लातूर', आणि मग बाकीचं जग. क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये तेच, मुरुडच्या सराफाच्या घरात तेच. माझ्या माहेरी गेले तर तिथंही तेच हसत होते. घराघरांत सासऱ्याला नेऊन बसवणारे हात मात्र दाजींचे.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठं? खाऊन-पिऊन सुखी, बायको गुणाची, सासरा देवमाणूस. तेच तर बिघडलं. सासरा खाष्ट असता तर दाजी केव्हाच भांडून मोकळे झाले असते. इथं भांडायला जागाच नाही. जावयाला पगार देणं म्हणजे अपमान, म्हणून पगार नाही. जावयानं ओझं उचलायचं नाही, गिऱ्हाइकाचं वेडंवाकडं ऐकून घ्यायचं नाही, भुईवर बसायचं नाही. आणि दोन दिवस गावी जातो म्हटलं की महादेवप्पा आपले कापरे हात मांडीखाली दाबून म्हणणार, "जावा की दाजी, खुशाल जावा. माझं काय, मी शटर लावून बसतो." मग कोण जाईल?

दाजींनी विचारलं नाही असं नाही. पहिल्यांदा विषय काढला तेव्हा बोटात अंगठी आली. दुसऱ्यांदा काढला तर दारात हार घातलेली स्कूटी उभी. मुलाच्या, शिवांशच्या, जन्मानंतर काढला तर माडीवर खोली चढली. माणूस वाट मागत होता आणि घरात सामान वाढत होतं. मी मंजुश्रीला म्हणाले, "आता पुन्यांदा इचारू नका बाई, न्हाईतर तुझा अप्पा दारात हत्ती आणून बांधंल." ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

होळीनंतर हिमायतनगरहून सत्यमचा फोन आला. सत्यम हा दाजींचा शाळेतला दोस्त. बसस्टँडसमोर त्याचे गाळे आहेत, त्यातला एक रिकामा होत होता. तो म्हणाला, "धोंड्याचा महिना सरेपर्यंत कोणाला देत न्हाई. पण आता नुसतं येतो येतो करू नको."

त्याच आठवड्यात एका दुपारी दाजी आणि मंजुश्री आमच्या घरी आले. आमचा टीव्ही बंदच पडला होता. दाजींनी नवा बोर्ड बसवला आणि म्हणाले, "वहिनी, एक फाइल चालवून बगायची हाय. दुकानात बगता येत न्हाई." दिवा मिचकला, पडदा उजळला, आणि अक्षरं आली ती उलटी. आमच्या टीव्हीत काच म्हणे कंपनीनंच उलटी बसवली होती. दाजींनी लॅपटॉपवर चित्र फिरवून घेतलं आणि तीच फाइल पुन्हा भरली. या वेळी सरळ आलं. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'वैजनाथ टीव्ही, हिमायतनगर'. फोटो नाही, फूल नाही, देव नाही, नुसतं नाव.

दाजींनी टीव्ही बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काई न्हाई. तपासून राहिलो," ते म्हणाले. हे 'करून राहिलो, बसून राहिलो' ते हिमायतनगरहून घेऊन आले, आणि लातूरच्या पाण्यानं तेवढं एक धुतलं गेलं नाही. मंजुश्री पडद्याकडं बघत होती. नाव वाचताना तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

तो पेन ड्राइव्ह दाजींनी आपल्या कामाच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. दुकानाचा पेन ड्राइव्ह दुकानाच्या टेबलावर असतो, हा पिशवीत. एवढं ध्यानात ठेवा.

आता मागायचं कसं, हा प्रश्न होता. उपाय मीच सुचवला. धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे, अनारसे, कपडे असा मान करतात. महिना विष्णूचा आणि महादेवप्पांचं घर महादेवाचं. पण त्यांच्या मंडळी, गुरम्मा, म्हणतात, "पुरणाला कसला आलाय पंथ." त्यांच्या घरी एक रीत आहे. पानावर बसलेल्या जावयानं पहिल्या घासाआधी काही मागितलं तर सासऱ्यानं नाही म्हणायचं नाही. मागायचं एकदाच. घास घेतला की मागणं संपलं.

मी दाजींना म्हणाले, "त्यायनी काई द्यायच्या आधी तुमी तोंड उघडा. 'आमाला हिमायतनगरला जाऊ द्या', बस. लई गोड बोलत बसू नका."

"बोलतो," दाजी म्हणाले. मंजुश्रीनंही मान डोलावली. तिला वडील हवे होते आणि नवऱ्याचं नावही हवं होतं, आणि दोन्ही एका गावात मिळत नव्हतं.

यंदाचा धोंडा ज्येष्ठात आला, ऐन उकाड्यात. घरजावयाला धोंड्याचं बोलावणं म्हणजे मोठी पंचाईत. जो सकाळी याच घरात दात घासतो त्याला पाहुणा कसं करायचं? गुरम्मांनी त्यावर तोड काढलेली आहे. दोघांनी मागच्या दारानं बॅग घेऊन बसस्टँडवर जायचं आणि ऑटोनं पुढच्या दारी यायचं. पाहुणा गावाहून आला पाहिजे. मंजुश्रीनं मला नंतर सांगितलं, ते स्टँडवर गेले तेव्हा हिमायतनगरच्या वाटेची, नांदेडची गाडी लागलेली होती. दाजी तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कंडक्टरनं विचारलं, "येताव का?" दाजी म्हणाले, "न्हाई, आमाला जेवायला जायचंय." मग दोघं ऑटोत बसून परत आले.

मी सकाळपासून गुरम्मांच्या हाताखाली पुरण वाटत होते, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं. दाजी पुढच्या दारानं आले. गुरम्मांनी तुकडा ओवाळून टाकला. महादेवप्पांनी जावयाचे पाय धुतले. तांब्या धरलेला हात कापत होता, अर्धं पाणी परातीत आणि अर्धं फरशीवर. दाजी अवघडून उभे होते. मग त्यांना नवे कपडे घालून पाटावर बसवलं, पुढं पान मांडलं, समई लावली. धोंडे वाफाळत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून खूण केली, आता.

एवढ्यात उदगीरच्या मावशी म्हणाल्या, "टीव्ही लावा की, बसल्या बसल्या भजन तर ऐकू." या गुरम्मांच्या थोरल्या बहीण, कार्याला आल्या होत्या.

टीव्हीवाल्याच्याच घरचा टीव्ही बंद होता. दाजींनी आदल्या दिवशी त्यात नवा बोर्ड बसवला होता, सॉफ्टवेअर तेवढं भरायचं राहिलं होतं. दाजी सवयीनं उठायला लागले. "मी बगतो, मामा."

गुरम्मांनी त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं. "आज तुमी पावने. पावन्यानं कामाला हात लावला तर पाप आमाला लागंल."

"मी भरतो," महादेवप्पा म्हणाले. "रोज समोर बसून बगतोय की. त्यात काय एवढं." कितीतरी वर्षांनी हातात काम येणार म्हणून त्यांचा चेहरा फुलला. खुंटीवर दाजींची पिशवी होती. त्यांनी ती काढली, बाहेरचा कप्पा चाचपला, मग आतला, आणि पेन ड्राइव्ह घेऊन टीव्हीकडं निघाले.

दाजींचा रंग उतरला. माझाही उतरला असणार, कारण हातातली तुपाची वाटी मी खाली ठेवली. "मामा, तो न्हवं," दाजी म्हणाले. "दुकानातला आणतो मी."

"बसा हो. सगळे सारखेच असतेत."

पेन ड्राइव्ह त्या भोकात जाईना. हात कापायचा, तो कडेला आपटायचा, पुन्हा लावायचे, पुन्हा आपटायचा. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडं पाहिल्यासारखं केलं. मग एकदाचा तो गेला. महादेवप्पांनी बटण दाबलं आणि वळून हसले. दिवा लाल-हिरवा मिचकायला लागला. आता थांबवताही येत नव्हतं.

पहिला घास अजून घेतला नव्हता. मी दारातून डोळे वटारले, अहो मागा. दाजींनी तोंड उघडलं. "मामा, मला एक..."

"थांबा दाजी, भरू द्या," महादेवप्पा दिव्यावरची नजर न काढता म्हणाले. "मधी बोलू नका, चुकंल."

आता सॉफ्टवेअरला काय कान असतात? पण दाजी गप्प बसले. दोन्ही हात मांडीवर, पुढं पान, बाजूला समई, आणि नजर त्या मिचकणाऱ्या दिव्यावर. मला त्या वेळी त्यांची इतकी दया आली आणि इतका संताप आला की दोन्ही एकदम आले.

पडदा उजळला. निळ्यावर पांढरी अक्षरं, उलटी. ती फाइल आमच्या उलट्या काचेसाठी फिरवलेली होती ना. घरातल्या सगळ्या माना वाकड्या झाल्या. उदगीरच्या मावशी चष्मा सावरत एकेक अक्षर लावायला लागल्या.

"वै... ज... नाथ. वैजनाथ टीव्ही. हि... मायतनगर." मग त्या सरळ झाल्या. "गुरम्मा, हा कोण गं वैजनाथ?"

दाजी त्या बाईच्या पाया पडले होते, तिच्या मांडीवर शिवांशला घातलं होतं, तिच्या उदगीरच्या घरचा टीव्ही दोनदा दुरुस्त केला होता. कूलर तेवढा घरघरत होता.

महादेवप्पांनीही मान वाकडी करून ते वाचलं. हळूहळू, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग त्यांनी दाजींकडं पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर किती बरं झालं असतं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दाजी," ते म्हणाले, "नाव पायजे व्हय तुमाला? एवढं मनात ठेवून बसलाव? आदी सांगायचं की. दिलं. पाटी रंगवायला टाकतो, माज्या नावासंगं तुमचं. दुकान तुमचंच हाय, मी काय वर घेऊन जाणार हाय का? आज मागायचा दिवस. तुमी मागितलं, मी दिलं."

"तसं न्हाई मामा, मी..." दाजी म्हणाले, आणि गुरम्मांनी तुपात बुडवलेला अख्खा धोंडा त्यांच्या तोंडात घातला. माया होती त्यात, मी खोटं कशाला बोलू? दुसऱ्या हातानं त्या स्वतःचे डोळे पुसत होत्या. दाजींच्या तोंडात गरम पुरण, गाल फुगलेले, गिळताही येईना. घास गेला. मागणं संपलं. मावशींनी टाळ्या वाजवल्या.

भांडी घासताना मी मंजुश्रीला धरलं. "तू कामून बोलली न्हाईस? तुला काय मुंगी चावली होती जिभेला?"

"वहिनी," ती हातातल्या परातीकडं बघत म्हणाली, "अप्पाचे हात बघितले का तुमी? साधा पेन ड्राइव्ह जाईना. ह्यायनीबी बघितलं. मला तवाच कळलं, आमी आता कुटं जात न्हाई."

म्हाताऱ्यावर चिडावं तर त्याचे हात आठवत होते, मंजुश्रीवर चिडावं तर ती रडत होती, आणि दाजींवर चिडावं तर त्यांच्या तोंडात धोंडा. शेवटी मी ती परातच घासघासून काढली.

पाटीचा शब्द महादेवप्पांनी पाळला. त्यांनी शब्द कधी मोडला, असं कोणी म्हणणार नाही. दोनच दिवसांत पेंटर आला, शिडी लावली, जुनी अक्षरं खरवडली. 'महादेवप्पा' लिहून झालं तेव्हा त्यानं वरून विचारलं, "आन् दाजींचं नाव काय लिव्हू?"

दाजी टेबलाशी होते. त्यांच्या हातातली सोल्डरिंगची तार थांबलेली मला इकडून दिसली.

महादेवप्पांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "जावयाचं नाव रस्त्यावर लिवतेत का? येणारं-जाणारं पोरसोर वाचंल, नावानं हाक मारंल. मानाचं माणूस हाय ते. 'महादेवप्पा आणि जावई' लिव."

पेंटरनं लिहिलं. 'जावई' हा शब्द त्यानं लाल रंगात काढला आणि भोवती वेलबुट्टी केली. महादेवप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या दुकानात पेढा द्यायला ते स्वतः आले आणि म्हणाले, "सिंधु, बघ, पोराची इच्छा पुरी झाली." मी पेढा घेतला. तो तोंडभर हसणारा माणूस पाहून तुम्हीही घेतला असता. दाजींनी मान वर केली, पाटीकडं पाहिलं, आणि तार पुन्हा डागाला लावली. महिना सरला. सत्यमनं तो गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिला.

मी मात्र मनाशी ठरवलं, आपण तरी या माणसाला नावानं हाक मारायची. वैजनाथराव म्हणायचं. रोज समोर दिसतात, रोज काही ना काही बोलणं होतं, एकदा सुरू केलं की गल्लीला सवय लागेल. ठरवलं, आणि आज म्हणू, उद्या म्हणू, करत राहिले. पण सकाळी आमचा टीव्ही लागायचा आणि निळ्या पडद्यावर ते नाव यायचं, तेव्हा मी हातातलं काम सोडून उभी राहायचे. अख्ख्या लातुरात ते तेवढं एका ठिकाणी उरलं होतं.

पाटी बदलली म्हणजे टीव्हीतलं चित्रही बदललं पाहिजे. नव्या पाटीखाली महादेवप्पा आणि दाजी, असा फोटो काढला, फाइल झाली, आणि सुरुवात गल्लीतल्या टीव्हींपासून करायची असं महादेवप्पांनी ठरवलं. फुकट. एका दुपारी दाजी पिशवी घेऊन आमच्या दारात आले.

"आमचा राहू द्या," मी म्हणाले. "आमचं चांगलं चाललंय."

"मामा कवातरी इकडं आले, त्यायनी बघितलं, तर त्यायला वाईट वाटंल, वहिनी."

"वाटू द्या की. तुमाला काय वाटतं ते कोणी बघायचं?"

दाजींनी टीव्ही चालू केला. नाव आलं. या वेळी त्यांनी बंद-चालू केलं नाही, एकदाच पाहिलं, नीट शेवटपर्यंत, ते जाऊन चित्र येईपर्यंत. मग टीव्ही बंद केला, मागं वाकून नवा पेन ड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. दिवा लाल-हिरवा मिचकायला लागला.

आमच्याकडं इन्व्हर्टर नाही. दाजींना ते माहीत होतं. इन्व्हर्टरशिवाय हे काम न करणारा माणूस त्या दिवशी तसाच बसला. मी देवाला म्हणाले, जाऊ दे रे बाबा लाइट, एरवी रोज जाते, आज जाऊ दे. मेला बोर्ड तर मरू दे, टीव्ही गेला तर जाऊ दे, पण हे त्यांच्या हातून पुसलं जायला नको. बाहेर वारा सुटला होता, पत्रे वाजत होते. लाइट गेली नाही. पंखा आपला गरगरत होता. मग मी उठले आणि दाराजवळच्या मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिले.

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार ते त्यांना कळलं होतं.

"वहिनी, हात लावू नका," ते म्हणाले. "आता मधीच बंद केलं तर जुनंबी येत न्हाई अन् नवंबी येत न्हाई. कायमचा मरतो तो."

ते बोर्डाचंच बोलत होते. मी हात खाली घेतला.

दिवा हिरवा झाला आणि थांबला. पडद्यावर महादेवप्पा आले, खुर्चीत बसलेले, हसरे, कापरे हात मांडीखाली दाबलेले. शेजारी नव्या सदऱ्यातले दाजी हात बांधून उभे. खाली लाल अक्षरांत, वेलबुट्टीसकट, 'महादेवप्पा आणि जावई'. दाजींनी पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि दोन पावलं मागं जाऊन मान जराशी तिरपी केली.

"चित्र सरळ हाय ना, वहिनी?"

आज तरी म्हणायचं होतं. नाव जिभेवर आलं होतं.

"सरळ हाय, दाजी," मी म्हणाले.